छप्पर बदलायच्या आधी: आढं, वासा, रीप, कोना आणि ब्रास

कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर बदलायचं ठरलं की पहिलं कोटेशन येतं ते बहुतेक वेळा वहीच्या अर्ध्या पानावर. ‘११ ब्रास. वासे लागतील तसे. रिपा नवीन. कोने बसवून. पन्हळ वेगळी.’ पाच वाक्यं, आणि घरमालकाला त्यातलं एकही धड कळलेलं नसतं. यात सगळ्यात महाग पडतं ते ‘लागतील तसे’. कौलं उतरून घर उघडं पडल्यावर, वर मे महिन्याचं आभाळ असताना, किती वासे ‘लागले’ हे ठरवायचा अधिकार मालकाकडे उरत नाही.

म्हणून शब्द आधी. पुढे दिलेले शब्द रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडात आणि गोव्यात कमीअधिक फरकाने चालतात. गावागणिक उच्चार बदलतो, एखाद्या लाकडाला दुसरंच नाव असतं. सुताराला ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचारून घ्यायला लाजू नका. कोटेशनमध्ये त्याचाच शब्द लिहिला जाणार आहे.

पहिली पायरी: आतून वर बघा

भर दुपारी माळ्यावर किंवा माजघरात उभं राहून दिवे बंद करा आणि वर बघा. जिथून उन्हाची तिरीप आत येते तिथे खडूने रिपेवर खूण करा. ही गळतीची पहिली यादी. आता सांगाडा वरून खाली वाचत या.

सगळ्यात वर, घराच्या लांबीभर गेलेलं आडवं लाकूड म्हणजे आढं. दोन्ही बाजूंचे उतार इथे भेटतात. आढ्यावरून भिंतीकडे तिरपे उतरणारे ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्या म्हणजे रिपा, आणि रिपांवर अडकतात ती कौलं. वासे लांब असतील तर त्यांना मध्ये टेकू म्हणून आढ्याला समांतर एक आडवं लाकूड असतं; लोखंडी काम करणारा फॅब्रिकेटर त्यालाच पर्लिन म्हणतो. वासे खाली जिथे भिंतीवर बसतात तिथेही लांबीभर एक लाकूड टाकलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक वाशाचं वजन एकाच चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) येत नाही. घराच्या रुंदीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेलं जाड लाकूड म्हणजे तुळई. तुळई, तिच्यावरचा उभा खांब आणि दोन तिरपी लाकडं मिळून त्रिकोण होतो, ती कैची.

तुळईचं काम नीट समजून घ्या. कौलांच्या भाराने वासे खाली सरकू बघतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. तुळई दोन्ही भिंतींना आत धरून ठेवते. माळ्यावर डोकं आपटतं म्हणून तुळई कापायचा सल्ला कुणी दिला तर कापू देऊ नका. कापल्यावर लगेच काही होत नाही. दोनचार पावसाळ्यांनी भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग दिसते आणि आढं मध्ये बसतं. मग रस्त्यावरून पाहिलं की छपराची वरची रेघ घोड्याच्या पाठीसारखी वाकलेली दिसते.

लाकूड तपासायला पेचकस पुरतो. वाशाचं भिंतीत गेलेलं टोक, आढ्याजवळचा जोड आणि पूर्वी गळत होतं ती जागा, या तीन ठिकाणी टोचा. पाव इंचाहून जास्त आत गेला तर तो वासा ‘बदलायचा’ या रकान्यात टाका. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर भुंगा. नुसता काळा पडलेला वासा वाईटच असतो असं नाही, चुलीच्या धुराने काळवंडलेली लाकडं आतून ठणठणीत निघतात. प्रत्येक वाशाला खडूने नंबर द्या आणि चांगला, जोडायचा, बदलायचा अशी यादी करा. ‘लागतील तसे’च्या जागी ‘४२ पैकी ९ वासे बदलणे, ४ जोडणे’ असं लिहून घेता येतं ते या यादीमुळे.

दुसरी पायरी: पाखं आणि उतार

छपराची एक उतरती बाजू म्हणजे पाखं. दोन बाजूंना उतार असेल तर दुपाखी घर, चारही बाजूंना असेल तर चौपाखी. दुपाखीच्या दोन टोकांना भिंत त्रिकोणी होऊन आढ्यापर्यंत चढते. चौपाखीत तो त्रिकोण नसतो. त्याऐवजी आढ्याच्या टोकापासून घराच्या चार कोपऱ्यांकडे चार जाड वासे उतरतात, ते कोनवासे.

भिंतीच्या बाहेर आलेला छपराचा भाग म्हणजे वळचण आणि तिच्या टोकावरून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. आढ्याचं पाणी वळचणीलाच जायचं, पण ते किती वेगाने जातं हे उतार ठरवतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो पुष्कळदा वाऱ्याबरोबर आडवा येतो. उतार कमी असेल तर वारा ते पाणी कौलाच्या जोडातून वर ढकलतो आणि एकही कौल फुटलेलं नसताना घर गळतं. मंगलोरी कौलांना इथे एक फुटाला सात इंच, म्हणजे साधारण ३० अंश उतार हवा. आठ इंच असेल तर आणखी बरं.

उतार मोजायला लेव्हलपट्टी आणि टेप पुरे. पट्टीचं एक टोक वाशाच्या खालच्या अंगाला टेकवा, दुसरं टोक आढ्याच्या दिशेला करा आणि बुडबुडा मध्ये आणा. टेकवलेल्या टोकापासून १२ इंचांवर खूण करा आणि तिथून सरळ वर वाशापर्यंतचं अंतर मोजा. ते जितके इंच भरेल तितका तुमचा उतार.

तिसरी पायरी: ब्रास, आणि भांडण इथेच होतं

छपराच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा, तो वेगळा. प्रश्न एवढाच की चौरस फूट मोजायचे कुठले? जमिनीवरचे, की उतारावरचे?

घर ३० फूट × २४ फूट आहे असं धरू. म्हणजे जमिनीवर ७२० चौरस फूट, साडेसात ब्रासच्या आत. पण चारही बाजूंना दोन-दोन फूट वळचण आहे, म्हणून छपराची सावली ३४ × २८, म्हणजे ९५२ चौरस फूट. आणि छप्पर तिरपं आहे. फुटाला सहा इंच उतार असेल तर सावलीच्या क्षेत्रफळाला १.१२ ने गुणा, सात इंचांना १.१६ ने, आठ इंचांना १.२० ने. सात इंच धरले तर ९५२ × १.१६ म्हणजे सुमारे ११०० चौरस फूट, ११ ब्रास.

साडेसात आणि अकरा. एकाने घराच्या मापाने स्वस्त वाटणारं कोटेशन दिलं, दुसऱ्याने प्रत्यक्ष उताराचं मोजून दिलं, तर कागदावर दुसरा लुटारू दिसतो. आणि पहिला काम संपल्यावर टेप घेऊन वर चढतो. म्हणून कोटेशनवर ‘माप उतारावरचं, वळचणीसह’ हे शब्द लिहून घ्या आणि काम सुरू होण्याआधी दोघांनी मिळून एकदा मोजा.

दुपाखी काय आणि चौपाखी काय, खालचं माप आणि उतार सारखा असेल तर क्षेत्रफळ सारखंच भरतं. खर्च मात्र सारखा नसतो. वरच्याच घराला दुपाखी केलं तर कोने (आढ्यावर आणि कोनवाशांवर बसणारी कौलं) बसवायची लांबी ३४ फूट. चौपाखीत आढं उरतं जेमतेम सहा फूट, पण प्रत्येकी साडेएकवीस फुटांचे चार कोनवासे येतात; मिळून ९२ फूट. कोने जवळजवळ तिप्पट, आणि कोनवाशाच्या कडेला येणारं प्रत्येक कौल तिरपं कापावं लागतं, त्यात तूट जास्त. उलट वाऱ्याला तोंड द्यायला चौपाखी चांगलं, कारण त्याला वारा अडवणारी उंच त्रिकोणी भिंत नसते.

चौथी पायरी: कौल हातात घ्या

जुन्या घरांवर अर्धगोल नळे असत. उलटे-सुलटे रचायचे, दर वर्षी पावसाआधी परतायचे. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरूला खाचेची चपटी कौलं यंत्रावर बनवायला सुरुवात केली आणि ती पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कुठल्याही गावातून आली तरी नाव ‘मंगलोरी’च राहिलं. यांची खाच एकमेकांत अडकते, त्यामुळे नळ्यांसारखी ती दर वर्षी परतावी लागत नाहीत.

कौल उलटं करून बघा. वरच्या टोकाशी मागे जो उंचवटा असतो तो रिपेवर अडकतो. तिथेच पुष्कळ कौलांना तार ओवायचं भोक असतं. उभ्या कडेला एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला तिच्यात बसणारी धार. आणि मध्ये, ठसठशीत अक्षरांत, कारखान्याचं नाव. त्या नावाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन कारखान्यांची कौलं लांबून सारखी दिसतात, पण खाच दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे असते आणि ती एकमेकांत बसत नाहीत. जुन्या छपरात मध्येच दुसरी कौलं घुसडली असतील तर खडूच्या खुणा बहुधा तिथेच सापडतील.

एक कौल साधारण १६ इंच लांब आणि सव्वानऊ इंच रुंद, वजन दोन ते तीन किलो. जोड वजा जाता ब्रासला १४० ते १५० लागतात. आपल्या ११ ब्रासला १४५ प्रमाणे १५९५, वर पाच-सहा टक्के फुटतूट, म्हणजे १७०० मागवा. काचेची कौलं वेगळी मोजा. माजघरात उजेड हवा असेल तर चार पुरतात. दहा बसवली तर एप्रिलमध्ये घर तापतं.

दर्जा तीन प्रकारे तपासता येतो. बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत आवाज आला तर पक्कं भाजलेलं, बद्द आला तर कच्चं किंवा चिरलेलं. सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा; डुगडुगलं तर भट्टीत वाकलंय. तिसरी तपासणी जरा वेळखाऊ आहे, पण हीच खरी. कोरडं कौल स्वयंपाकघरातल्या नाहीतर दुकानातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा आणि पुन्हा तोला. २६०० ग्रॅमचं ३००० झालं तर ४०० ग्रॅम पाणी प्यायलं, म्हणजे १५ टक्के. मंगलोरी कौलांचं भारतीय मानक आयएस ६५४ आहे. त्यात वरच्या वर्गाला १८ टक्क्यांपर्यंत आणि दुसऱ्या वर्गाला २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. २० च्या वर गेलेलं कौल पावसाळाभर जड राहतं, त्यावर शेवाळ धरतं आणि खालच्या रिपा कुजतात.

आता रिपांचं अंतर. याला गवंडी-सुतार ‘गाळा’ म्हणतात, काही ठिकाणी ‘गेज’. साधारण साडेबारा इंच, पण हा आकडा तोंडी घेऊ नका. आलेल्या मालातली ११ कौलं जमिनीवर एकाखाली एक खाचेत बसवा. पहिल्या कौलाच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंतची लांबी एकदा सगळी वर दाबून मोजा, एकदा सैल ओढून मोजा. दोन्हींची सरासरी काढून १० ने भागा. तेवढा तुमचा गाळा. रिपा आधी ठोकल्या आणि कौलं नंतर दुसऱ्या मापाची आली, तर अर्धा इंच फरकाने शेवटची ओळ आढ्याशी पोचत नाही. मग तिथे सिमेंट थापलं जातं आणि ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं.

आपल्या घराचं पाखं वळचणीपासून आढ्यापर्यंत सव्वासोळा फूट, १९५ इंच. साडेबाराने भागलं तर १६ गाळे, म्हणजे १७ रिपा. ३४ फूट लांबीच्या १७ रिपा, दोन पाखी: ११५६ रनिंग फूट. दहा टक्के तूट धरून १२७५ मागवा. वाशांमध्ये दीड ते दोन फुटांचं अंतर असेल तर दोन इंच × एक इंचाची रीप पुरते. रीप चांगली सुकलेली हवी. ओली रीप ठोकली की पावसाआधीच पिळवटते आणि कौलं उचलली जातात. अगदी खालची, वळचणीची रीप इतर रिपांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच घ्यायची असते, कारण तिच्या कौलाखाली दुसरं कौल नसतं. हे विसरलं तर पहिली ओळ खाली झुकलेली दिसते आणि तिच्यावरच्या ओळीच्या जोडात फट पडते. नवखा सुतार ओळखायची ही सोपी जागा.

पाचवी पायरी: कौल की पत्रा

माकडांनी हा प्रश्न कोकणात निकालात काढत आणलाय. वानरांची एक टोळी एका सकाळी पन्नास कौलं सरकवून जाते, वर नारळ पडतात ते वेगळेच. म्हणून पुष्कळ जण पत्र्याकडे वळतात. पत्रा घ्यायला हरकत नाही, पण तो कौलापेक्षा वेगळ्या तत्त्वावर उभा असतो हे लक्षात घ्या.

२.६ किलोची १४५ कौलं म्हणजे ब्रासला पावणेचारशे किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा ब्रासला ४५ किलोच्या आसपास. कौलांचं छप्पर आपल्या वजनाने बसून राहतं. पत्र्याचं छप्पर फक्त स्क्रूंनी धरलेलं असतं. जुन्या घरात वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात, कारण चार टन कौलं त्यांना दाबून ठेवत होती. ती उतरवून पत्रा चढवला की दाब गेला, आणि वादळात पत्रा वाशांसकट उचलला जाऊ शकतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं तेव्हा रायगडात घरोघरची छपरं उडाली होती. पत्रा घालणार असाल तर प्रत्येक वाशाचं टोक लोखंडी पट्टीने भिंतीला किंवा भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बांधायचं काम कोटेशनमध्ये वेगळं लिहून घ्या. हे कुणी आपणहून लिहीत नाही.

पत्र्याचे शब्द थोडे, पण फसवे. ‘गेज’ (इथे पत्र्याच्या जाडीचा नंबर) विचारू नका, मिलिमीटर विचारा. मिलिमीटरमध्येही दोन आकडे असतात: टीसीटी म्हणजे रंग-लेपासकट जाडी, बीएमटी म्हणजे नुसत्या पोलादाची. ०.५० टीसीटी आणि ०.५० बीएमटी हे दोन वेगळे पत्रे आहेत; भाव सांगताना मात्र नुसतं ‘पॉइंट फाइव्ह’ म्हटलं जातं. जीआय पत्र्यावर जस्ताचा लेप असतो, गॅल्व्हल्यूमवर अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा. खाऱ्या वाऱ्यात दुसरा जास्त टिकतो. लेप ‘एझेड १५०’ आहे का बघा. म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. गॅल्व्हल्यूमला ओलं सिमेंट लागू देऊ नका, त्यातल्या क्षाराने लेप खाल्ला जातो. भिंतीशी सांधा सिमेंट-वाळूचा माल थापून बुजवायची सवय असलेला गवंडी इथे नुकसान करतो.

भाव फुटावर असेल तर पत्र्याची रुंदी कुठली धरली ते विचारा. पत्र्याची पूर्ण रुंदी आणि शेजारच्यावर चढल्यावर उरणारी ‘कव्हर’ रुंदी यांत सात-आठ सेंटिमीटरचा फरक असतो, आणि तो २५ पत्र्यांत मिळून दोन पत्र्यांइतका होतो.

स्क्रू सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारा), रबरी वॉशरचा. तो इतकाच आवळायचा की वॉशर किंचित फुगलेला दिसेल. वॉशर चपटा होऊन बाहेर आला असेल तर जास्त आवळलाय. दोन उन्हाळ्यांत तो फाटणार. भोकं पाडताना उडालेला लोखंडी भुसा त्याच संध्याकाळी झाडून काढायला लावा. राहिला तर पहिल्या सरीत नव्या कोऱ्या पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि लोक पत्र्याच्या कंपनीला शिव्या घालतात.

जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील तर जरा थांबा. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की कॅन्सर होऊ शकतो. पत्रे पाण्याने भिजवून, नट कापून अखंड उतरवा. ग्राइंडर लावायचा नाही, वरून टाकून फोडायचे नाहीत, आणि रुमाल म्हणजे मास्क नव्हे. या पत्र्यावर सरळ पाय देऊन चालायचंही नाही. तो न कुरकुरता एकदम फुटतो. चालायला दोन पर्लिनवर टेकणारी फळी टाका.

सहावी पायरी: सांधे

छप्पर सपाट भागात क्वचित गळतं. गळतं ते सांध्यांत.

आढ्यावर आणि कोनवाशांवर बसणारी उलट्या पन्हळीसारखी कौलं म्हणजे कोने. ते मालात बसवतात. कोने आधी पाण्यात भिजवून घ्यायचे, नाहीतर कोरडा कोना मालातलं पाणी शोषतो आणि माल न धरता सुटतो. माल सिमेंट एकाला वाळू चार. जास्त सिमेंट म्हणजे जास्त पक्कं, असं समजून एकास दोन केलं तर तो तडकतो. माल कोन्याच्या कडेच्या आत राहिला पाहिजे. कडेबाहेर काढून गुळगुळीत केलेला माल दिसतो छान, पण वरून ओघळलेलं पाणी त्याच्या चिरेतून आतच शिरतं.

दोन पाखी जिथे आतल्या कोनात भेटतात, उदाहरणार्थ मूळ घराला काटकोनात नवी खोली जोडली आहे तिथे, मधल्या घळीत पत्र्याची पन्हळ घालतात. दोन्ही पाख्यांचं पाणी हिच्यावर येतं. पन्हळ उलगडून दोन फुटांहून कमी रुंदीची नको, दोन्ही कडा दुमडून उभ्या केलेल्या हव्यात, आणि दोन तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्यावर किमान सहा इंच चढलेला हवा. कोटेशनमध्ये ‘पन्हळ’ असा एकच शब्द असेल तर विचारा: घळीतली, की वळचणीखालची पाणी गोळा करणारी? दोन्हींना पन्हळच म्हणतात. भाव वेगळे, पत्रा वेगळा.

वळचणीच्या पन्हळीचा साधा हिशेब: आपलं एक पाखं सावलीने ४७६ चौरस फूट, ४४ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या झोडीत त्यावरून तासाला ४४०० लिटर, मिनिटाला ७३ लिटर पाणी येतं. चार इंची नळ एकाच टोकाला लावला की पन्हळ मध्येच भरून सांडते. दोन्ही टोकांना नळ घ्या आणि मधून दोन्हीकडे, दहा फुटांना एक इंच उतार द्या.

छप्पर भिंतीला जिथे टेकतं तिथे फ्लॅशिंग लागतं. म्हणजे भिंतीत खाच पाडून तिच्यात दुमडून बसवलेली पत्र्याची पट्टी, जी खाली कौलांवर उतरते. नुसती भिंतीला चिकटवून वर सिलिकॉन मारलेली पट्टी म्हणजे फ्लॅशिंग नव्हे, चिऱ्याच्या भिंतीवर तर नाहीच. चिरा पाणी पितो आणि ते पट्टीच्या मागून उतरतं.

पडवीचं छप्पर मूळ घराच्या खालून निघतं आणि त्याचा उतार कमी असतो. मोठ्या पाख्याच्या पागोळ्या थेट त्यावर आदळतात. पडवी गळते म्हणून पडवीचीच कौलं तीनदा बदलली जातात. पाणी वरच्या पाख्यातून येतंय हे कुणी बघत नाही. वरची वळचण पडवीच्या कौलांवर किमान फूटभर चढलेली हवी.

झालर म्हणजे वळचणीच्या कडेला लावलेली लाकडी किंवा पत्र्याची पट्टी. ती वाशांची टोकं झाकते. ती कोटेशनमध्ये नेहमी ‘वेगळी’ असते आणि नेहमी विसरली जाते. रनिंग फुटाने भाव घ्या.

सातवी पायरी: कोटेशन पुन्हा वाचा, मग काम सुरू

आता ते अर्धं पान परत काढा आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कशात मोजली आहे ते लिहून घ्या: कौलं-पत्रे ब्रासवर, रिपा, कोने, झालर, पन्हळ रनिंग फुटावर, वासे नगावर जातीच्या नावासह. ‘जंगली लाकूड’ हे जातीचं नाव नव्हे. ऐन, किंजळ, साग असं नाव हवं. लेबर रेट आहे की मालासकट, जुना माल कुणाचा, कौलं वर चढवायची हमाली कुणाकडे, हेही. जुन्या कौलांना आणि सागाच्या वाशांना गिऱ्हाईक असतं, म्हणून ‘जुनं आम्ही घेऊन जाऊ’ ही मेहेरबानी नसते.

शिमगा झाला की काम सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत आटपा. वैशाखात वळवाचा पाऊस कधीही गाठतो. ताडपत्री घरात असू द्या. कौलं दोन्ही पाख्यांवरून थोडी थोडी, जोडीने उतरवा. एक पाखं पूर्ण उघडं आणि दुसऱ्यावर दोन टन, अशा स्थितीत आढं एका बाजूला सरकतं. चढवतानाही तसंच. उतरवलेली कौलं आडवी ढिगात न टाकता उभी, कडेवर रचा.

बसवणी खालून वर. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालची एक आणि दुपाखीच्या दोन्ही टोकांच्या उभ्या कडा तारेने रिपेला बांधून घ्या, कारण वारा कौलं उचलायला तिथूनच सुरुवात करतो. तार गॅल्व्हनाइज्ड, साधी बाइंडिंग वायर किनाऱ्याजवळ लवकर गंजून तुटते.

शेवटचा हप्ता देण्याआधी आढ्यावरून पाइपने पाणी सोडा. एका जागी दहा मिनिटं, मग पुढे. आत एक जण बॅटरी घेऊन उभा. हे पाणी फक्त वरून पडतं, वाऱ्याने वर ढकललेलं नसतं, म्हणून यात पास झालेलं छप्परही पहिल्या मोठ्या पावसात एखाद्या ठिकाणी टिपकू शकतं. पाऊस लागल्यावर एकदा येऊन गळती काढायची अट आणि त्यासाठी राखलेली रक्कम कोटेशनवर आधीच लिहिलेली असू द्या. आणि त्याच कारखान्याची, त्याच खेपेतली ५० कौलं आणि ५ कोने पडवीच्या कोपऱ्यात उभे रचून ठेवा.